जवारीची पायरी

कानगोष्टीचा बिल्ड नऊ तास चालायचा, आणि त्यातले आठ तास तो नक्की काय करतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चालतोय ना, मग हात लावू नका, असा एकंदर मामला. चालायचाही एकाच संगणकावर. हा संगणक भालचंद्र गुळवणी सरांच्या मिरजेच्या घरून, सर गेल्यावर, सांगलीला मृण्मयी खोतच्या घरी आला होता आणि शिलाई मशीनशेजारच्या टेबलावर रुसलेल्या पाहुण्यासारखा घुरघुरत बसलेला असे.

माणसं प्रोग्रॅम लिहितात ती अक्षरं यंत्राला जशीच्या तशी पचत नाहीत. ती निवडायची, दळायची, ठरलेल्या क्रमाने एकत्र करायची आणि शेवटी एकच तयार जिन्नस यंत्राच्या पुढ्यात ठेवायचा, या सगळ्या खटाटोपाला बिल्ड म्हणतात. कोड हे सामान आणि बिल्ड हा स्वयंपाक. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या गुळवणी सरांनी हा स्वयंपाक चार हजार ओळींत लिहून ठेवला होता, आणि अधूनमधून स्वतःसाठी टिपा. 'हे का लागतं कळत नाही. काढू नये.' त्याच्या खाली, दोन वर्षांनंतरच्या तारखेची: 'काढून पाहिलं. परत घातलं.'

मृण्मयी दूध संघाच्या संगणक विभागात नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात कानगोष्ट सांभाळायची. सांभाळायची म्हणजे फुकट. या प्रकल्पात सगळेच फुकट राबत होते, त्यामुळे कुणाला बोलायची सोय नव्हती.

पण आधी कानगोष्ट कुणासाठी होती ते सांगायला हवं. कानाच्या आत शंखासारखी पोकळी असते आणि तिच्यात ऐकण्याची नस. पूर्वीच्या रोपणात या नसेला विजेचे बारीक झटके देत. वीज ओल्या फडक्यावर सांडलेल्या शाईसारखी पसरते, त्यामुळे वीस-बावीस टोकांपलीकडे जाता येत नसे. बोलणं कळायचं, गाणं मात्र पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाटायचं. मग प्रकाशाचं रोपण आलं. एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून प्रकाशाला जागं होणारं प्रथिन नसेच्या पेशींत पोचवायचं, आणि केसाहून बारीक अशा तीनशे दिव्यांनी त्या पेशींना हवं तिथे, हवं तेव्हा जागं करायचं. प्रकाश विजेइतका पसरत नाही, म्हणून आता सूरही कळू लागले. लोक त्या रोपणाला नुसतं 'दिवा' म्हणत, आणि वापरणारे स्वतःला थट्टेने दिवेकर म्हणवून घेत. बनवणाऱ्या कंपनीने पाच वर्षांत गाशा गुंडाळला. डोक्यात दिवा आहे पण त्याला वाली नाही, अशी चार हजार माणसं मागे उरली. त्यांच्यातल्याच काहींनी, ज्यांना जमेल त्यांनी, सर्वांना वाचायला खुला असा नवा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव कानगोष्ट ठेवलं. मृण्मयीही दिवेकरच. अठ्ठाविसाव्या वर्षी एका तापाच्या औषधाने तिचे दोन्ही कान नेले होते. ज्या दिवशी दिव्यातून तिला आईच्या बांगड्या वेगळ्या आणि आवाज वेगळा ऐकू आला, त्या दिवशी ती न्हाणीघराचं दार लावून रडली होती.

आणि तिला तो आवाज दिला होता दस्तगीर शिकलगारांच्या कानाने.

त्याचं असं झालं. तीनशे दिवे एकेकटे मोजता येत. पण सगळे एकदम लागल्यावर कुणी शेजाऱ्याला किती झाकायचं आणि कुणाला किती पुढे काढायचं, हे कुठल्याच मीटरवर दिसत नसे. गणित बरोबर यायचं आणि आवाज मेलेला असायचा. गुळवणी सर मिरजेचे. त्यांच्या गल्लीच्या टोकाला तंबोरे बनवणाऱ्यांची दुकानं. तिथले दस्तगीर चाचा चाळीस वर्षं जवारी काढत आले होते आणि एका आजारात बहिरे होऊन दिवा बसवून बसले होते. जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवर तार जिथे टेकते तो भाग केसभर घासत जायचं आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवत राहायचं. हजारदा चुकल्यावर एका जागी बंद आवाज उघडतो आणि एकाच तारेतून सगळे सूर झरू लागतात. ती जागा मोजपट्टीने सापडत नाही. सरांनी चाचांच्या हातात कानशीऐवजी एक फिरवायची कळ दिली आणि म्हणाले, याची जवारी काढा.

चाचांनी काढली. तेव्हापासून सरांच्या बिल्डमध्ये एकतीस ओळींची एक पायरी होती आणि तिचं नावच जवारी होतं. बिल्ड तिथवर आला की थांबायचा, चार तारांचा बारा सेकंदांचा झणत्कार चाचांच्या दिव्यात सोडायचा, त्यांना फोन लावायचा आणि वाट बघायचा. चाचा ऐकत, कळ फिरवत, पुन्हा ऐकत, आणि मनासारखं झालं की फोनवर "उघडलं" म्हणत. मग तो आकडा प्रोग्रॅममध्ये जायचा आणि चार हजार माणसांच्या कानात पोचायचा. चाचा पुतणीच्या लग्नाला विजापूरला गेले म्हणून पार आसामातल्या दिवेकरांना नवी आवृत्ती चार दिवस उशिरा मिळाली, असंही एकदा घडलं होतं. कुणी तक्रार केली नाही.

तक्रार केली ती रोपणांवर देखरेख करणाऱ्या नियामक मंडळाने. दुसऱ्या कुठल्याशा प्रकल्पात बिल्ड चालू असताना कुणीतरी वाटेतच काहीतरी घुसडलं होतं, आणि रोपण म्हणजे डोक्यातली गोष्ट. तेव्हा नियम आला: एकच कोड तीन ठिकाणच्या तीन संगणकांवर वेगवेगळा शिजवायचा आणि तिन्हीकडचा जिन्नस शेवटच्या बिंदूपर्यंत तंतोतंत जुळला पाहिजे. जुळला नाही तर एक जानेवारीपासून दिवे तो प्रोग्रॅम घेणार नाहीत. मंडळाचं चूक होतं असं मृण्मयीला कधीच वाटलं नाही. पण तिच्याकडे एकच संगणक होता, आणि त्याच्यावर तीन वेळा शिजवलं तर तीन प्रकारचा जिन्नस निघायचा.

अशा कामाला पूर्वी वर्ष लागलं असतं. आता हाताशी सहायक होता. कोड वाचणारी, लिहिणारी अशी यंत्रबुद्धी तोवर सगळ्यांच्याच कामात रुळली होती, आणि हिच्यात विशेष एवढंच होतं की कारण सांगता येत नसेल तर ती एकही ओळ नव्या जागी न्यायची नाही. सरांच्या चार हजार ओळी सहायकाने आठवडाभरात नऊशेवर आणल्या. 'काढू नये' वाली ओळ का लागते तेही शोधून काढलं: त्या संगणकाचं घड्याळ रोज दीड मिनिट मागे पडत होतं आणि ती ओळ ते गुपचूप पुढे करत होती. मृण्मयी खूप हसली, मग सर हे ऐकायला नाहीत म्हणून तिला वाईट वाटलं.

जवारीच्या पायरीवर सहायक अडला. तिथे त्याने लिहिलं की ही पायरी एका माणसावर थांबते, आणि माणसाचं उत्तर तीन ठिकाणी तेच येईल याची हमी देता येत नाही. दोन मार्ग आहेत. माणसाचं उत्तर बिल्डच्या आधीच घेऊन, त्याच्या नावानिशी, कोडमध्ये सामान म्हणून ठेवावं. नाहीतर आजवरच्या उत्तरांवरून सूत्र काढून माणसाला मोकळं करावं.

पहिला मार्ग सरळ होता. चाचांना फक्त एक दिवस आधी फोन करायचा. पण मृण्मयीला एक गोष्ट माहीत होती, जी चाचांना माहीत नव्हती, आणि वर्षभर तिने ती कुणालाही सांगितली नव्हती.

तक्रारी येत होत्या. बार्शीच्या एका बाईंनी लिहिलं होतं की नात हसली की कानात सुई गेल्यासारखं होतं. कुणाला स्टीलची भांडी टोचत होती, कुणाला टाळ्या. मृण्मयीलाही ओट्यावर डाव ठेवला की डोळे मिटावेसे वाटत. तिने चाचांची अकरा वर्षांची दोनशे चौदा उत्तरं एका ओळीत मांडून पाहिली होती. पहिली नऊ वर्षं रेघ सरळ होती. त्यानंतर ती हळूहळू तार स्वरांकडे चढत गेली होती. चाचांचा दिवा सगळ्यात जुन्यांपैकी. नसेतलं प्रथिन कालांतराने मंद होतं आणि ते तार स्वरांच्या बाजूने आधी होतं. जिभेची चव कमी झालेल्या बाईने आमटीत रोज चिमूटभर मीठ वाढवावं, आणि घरच्यांनी मुकाट्याने खावं, तसं चाललं होतं. चाचांना त्यांची जवारी उघडी ऐकू येत होती. बाकीच्यांच्या कानात ती टोचत होती.

हे पंचाहत्तरीच्या माणसाला कसं सांगायचं? कान गेल्यावर चाचांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं होतं आणि वर्षभर ते तंबोऱ्यांसाठी आढ्याला टांगलेल्या भोपळ्यांखाली नुसते बसून असत. सरांचा फोन आला आणि ते पुन्हा कारागीर झाले. दर तीन आठवड्यांनी मंगळवारी फोन यायचा. त्या दिवशी ते दाढी करून, स्वच्छ सदरा घालून बसतात, असं त्यांच्या सुनेने एकदा मृण्मयीला सांगितलं होतं. ते काम काढून घेणं म्हणजे काय, हे तिला नीट कळत होतं. म्हणून तिने दुसरा मार्ग घेतला, आणि त्यात आपल्या पदरचा एक घोळ घातला.

पहिल्या नऊ वर्षांच्या उत्तरांवरून सूत्र काढलं. आवाज निवळला. नव्या बिल्डमध्ये ते सूत्र बसवलं. आणि त्याशेजारी ती एकतीस ओळींची पायरीही ठेवली. बिल्ड आता चाळीस मिनिटांचा होता. सांगलीत शिजताना तो चाचांना फोन लावायचा, बारा सेकंदांचा आवाज ऐकवायचा, त्यांचं उत्तर घ्यायचा आणि टाकून द्यायचा. देवळातल्या मानकऱ्याच्या हाताला हात लावून पुजाऱ्यानेच नारळ फोडावा, तसं.

खुल्या प्रकल्पात लपून काही करता येत नाही. बदल सगळ्यांपुढे मांडावा लागतो आणि दुसऱ्या कुणीतरी तो तपासून मान्य करावा लागतो. तपासायला नाशिकचा थॉमस साळवे होता, शाळेत गणित शिकवणारा आणि तसाच बोलणारा. त्याने त्या जागी बोट ठेवून विचारलं, की उत्तर घेतेस आणि फेकून देतेस, हे काय आहे? मृण्मयीने उत्तर दिलं, मान आहे. थॉमसने खाली लिहिलं, "मान्य करतो, कारण तारीख जवळ आली आहे. पण मला हे आवडलेलं नाही, याची नोंद इथे राहू दे." ती नोंद जगातल्या कुणालाही वाचता येईल अशी उघड्यावर राहिली. चाचांना कोड वाचता येत नव्हता, एवढ्यावरच तिची सगळी भिस्त होती.

ऑक्टोबरपासून नवा बिल्ड सुरू झाला. नाशिक, सांगली आणि कोची, तिन्हीकडचा जिन्नस जुळला. सगळ्या दिवेकरांनी आनंद केला. बार्शीच्या बाईंनी लिहिलं की नात आता पुन्हा गोड हसते. दर तिसऱ्या मंगळवारी चाचांचा फोन वाजत होता, ते "उघडलं" म्हणत होते, आणि मृण्मयी त्यांना म्हणत होती, छान झालं चाचा.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी चाचांनी तिला सकाळी मिरजेला बोलावलं. तुझा संगणक घेऊन ये, एवढंच म्हणाले.

दुकानाच्या मागच्या खोलीत ते खाली बसले होते. पुढ्यात अर्धा झालेला तंबोरा होता, पुतण्याचा. सुनेने चहा आणून ठेवला आणि ती गेली. चाचांनी चहा संपेपर्यंत दूध संघाची, तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग कप बाजूला ठेवून म्हणाले, "मागल्याच्या मागल्या टायमाला मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. पार बंद करून टाकली जवारी. आवाज असा आला पायजे हुता की घोंगडं पांघरून कुणी बोलतंय. दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती आली. काय बी फरक न्हाई."

मृण्मयीने रिकामा कप खाली ठेवला.

"म्हटलं, एकदा यंत्राची चूक हुईल. त्याच्या पुढच्या टायमाला उलटं केलं. तरी बी तेच." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पयल्यांदा शंका कशी आली सांगू? तू भांडायची बंद झालीस. आधी तीन-तीनदा फोन करायचीस. चाचा, इथं घट्ट वाटतंय, चाचा, परत बघा. आता नुसतं छान, छान. जो गवई तंबोरा परत आणून देत न्हाई न्हवं, तो गात बी न्हाई त्यावर."

तिने सांगायला सुरुवात केली. नियम, तीन संगणक, तंतोतंत जुळणं. चाचांनी हात वर केला. ते सगळं त्यांना कळलं होतं. पुतण्याने मंडळाचं पत्रक वाचून दाखवलं होतं. काम संपलं असेल तर संपलं, त्याला कुणाचा इलाज नाही, असं ते म्हणाले. तंबोऱ्याचं दुकान चालवणाऱ्याला ते कुणी शिकवायला नको. त्यांचा प्रश्न वेगळा होता. फोन का चालू ठेवला?

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," मृण्मयी म्हणाली.

"आणि आता?"

तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, कारण अर्धंच बाहेर आलं होतं. उरलेलं आज नाही सांगितलं तर ती पुन्हा कधीच सांगणार नाही, हे तिला कळत होतं. तिने संगणक उघडला आणि ती दोनशे चौदा उत्तरांची रेघ त्यांच्यापुढे धरली. नऊ वर्षं सरळ आणि मग चढत गेलेली. प्रथिन मंद होतं म्हणजे काय होतं तेही सांगितलं, बार्शीच्या बाईंचं पत्र वाचून दाखवलं.

चाचांनी रेघेवरून चढत्या टोकापर्यंत बोट नेलं. "कवापासून ठावं हाय तुला?"

"एक वर्ष."

"वरीसभर माझी जवारी लोकांच्या कानात टोचतीय हे ठावं हुतं, आणि तू मला बोलली न्हाईस." आता मात्र आवाज चढला. "चार हजार माणसं. बारकी पोरं असतील त्यात. माझ्या वडलांनी एकदा कडक जवारी लागलेला तंबोरा गिऱ्हाइकाच्या घरनं परत आणला हुता, पायी जाऊन. आणि तू मला मान देत बसलीस? मला हे सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी कळ खाली ठिवली असती. वाईट वाटलं असतं. वाटू दे की. माझं हाय ते."

ती रडायला लागली. चाचांनी तिला रडू दिलं. समजूत काढायला ते काही उठले नाहीत.

तिने डोळे पुसून जे सुचलं ते सांगून टाकलं. पहिला मार्ग अजून खुला होता. चाचांचं उत्तर त्यांच्या नावाने कोडमध्ये ठेवता येईल, नियमात बसतं, फोनचा खोटेपणा राहणार नाही. चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आधी बघू तर. माझी आजची जवारी आणि तुझं ते सूत्र, दोन्ही लाव.

त्यांनी कळ मागून घेतली आणि तासभर बसून जवारी काढली. घाई नाही, चिडचिड नाही. डोळे मिटून, मान किंचित डावीकडे. झाल्यावर "उघडलं" म्हणाले आणि कळ तिच्या हातात दिली. पण हे आपल्या कानाने तपासून उपयोग नाही, तेही त्यांनीच काढलं. आपल्याला आपलीच बरी वाटणार. तपासायचं मृण्मयीच्या कानाने. यंत्राने दोन्ही आवाज उलटसुलट तिच्या दिव्यात सोडायचे, कुठला कुणाचा ते दोघांनाही सांगायचं नाही, तिने पहिला बरा की दुसरा ते बोट वर करून दाखवायचं. असं नऊ वेळा.

अडचण एकच होती. कुठला कुणाचा हे तिला यंत्राने सांगायची गरजच नव्हती. पहिल्याच जोडीतला दुसरा आवाज दाताला थंड पाणी लागावं तसा लागला. आणि पहिला मऊ होता, भरलेला, चारही तारा वेगवेगळ्या आणि तरी एकत्र. चाचा समोर बसून होते. स्वच्छ सदरा, दाढी केलेली. आज मंगळवार नव्हता तरी. तिने दोन बोटं वर केली.

"खोटं," चाचा म्हणाले. "दुसरा आला तवा तुझ्या कपाळाला आठी पडली. चाळीस वरीस मी गवयाचं तोंड बघून जवारी काढलीय, पोरी. कान नंतर. परत लाव."

तिने परत लावला. एक बोट वर केलं. मग पुढच्या आठही वेळा जे खरं होतं तेच दाखवलं, आणि प्रत्येक वेळी तिला आतून कुणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं. शेवटी यंत्राने यादी दिली. नऊच्या नऊ वेळा सूत्र.

चाचांनी मान हलवली. ते सूत्र कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं की कुणी नाही, ते तुमचंच आहे; तुमच्या पहिल्या नऊ वर्षांच्या उत्तरांतून काढलंय, त्यात दुसऱ्या कुणाचा एक आकडाही नाही.

"म्हणजे चौसष्ट वर्षांचा मी हाय त्यात."

"चौसष्ट ते त्र्याहत्तर."

"आणि त्यो म्हातारा न्हाई व्हायचा."

"नाही, चाचा."

ते थोडा वेळ पुतण्याच्या तंबोऱ्याच्या घोडीवरून अंगठा फिरवत राहिले. मला त्याचा हेवा वाटतो, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग म्हणाले, पण जवारी त्याची बरोबर आहे, आणि आपल्या नावाने टोचणारा आवाज आपण कोडमध्ये घालू देणार नाही, तो विषय संपला. राहिला तो फोन.

"ती पायरी काढून टाकते आजच," मृण्मयी म्हणाली.

"तू न्हाई. माझी पायरी हाय. मी काढणार."

त्यांना कसं करायचं ते दाखवायला अर्धा तास गेला. प्रकल्पात बदल करायचा तर आधी नाव नोंदवावं लागतं. ते त्यांनी एकेक अक्षर शोधत स्वतः टाइप केलं. मग तिने ती एकतीस ओळींची जागा उघडून दिली. सरांची एक टीप अजून तिथे होती, 'इथे थांब. दस्तगीरभाईंना विचार.' चाचांनी ती वाचून दाखवायला सांगितली, दोनदा. मग सगळ्या ओळींवर बोट ओढलं आणि त्या पुसल्या. बदल का केला तेही लिहावं लागतं, असं तिने सांगितल्यावर त्यांनी विचार करून लिहिलं, 'जवारी लागली आहे. आता विचारायची गरज नाही.'

थॉमसने नाशिकहून पाच मिनिटांत तो तपासला. नेहमी तो चार तरी चुका काढतो. या वेळी नुसतं 'मान्य' लिहिलं, आणि त्याखाली, पहिल्यांदाच, 'आदाब'.

तीन संगणक कामाला लागले. नाशिक जुळलं, कोची जुळली, सांगली जुळली. चाळीस मिनिटांचा बिल्ड तेहतीस मिनिटांत झाला, कारण कुणासाठी थांबायचं नव्हतं. आवृत्तीबरोबर योगदान देणाऱ्यांची यादीही आपोआप तयार होते. सरांनी तिचा नियम सोपा ठेवला होता: ज्याने कोडची एक तरी ओळ बदलली, त्याचं नाव. मृण्मयीने यादी उघडली आणि तिला पहिल्यांदाच लक्षात आलं, की अकरा वर्षं जो आवाज चार हजार माणसांनी ऐकला, तो देणाऱ्याचं नाव या यादीत कधीच नव्हतं. त्यांनी ओळ बदलली नव्हती. ते नुसतं ऐकत होते. तिने हे कधी पाहिलंही नव्हतं. मान द्यायला मात्र तिने एकतीस ओळी सांभाळल्या होत्या.

ती घाईने म्हणाली की मागची दोनशे चौदाही उत्तरं तुमच्या नावावर चढवता येतील, सहायक दोन मिनिटांत करेल.

"काय लिवलंय ते वाच आधी," चाचा म्हणाले.

तिने वाचलं. दस्तगीर इमामसाब शिकलगार, मिरज. बदल, एक. ओळी घातल्या, शून्य. ओळी काढल्या, एकतीस.

चाचांनी संगणक स्वतःकडे वळवून घेतला, चष्मा पुसला, आणि ती ओळ बोट ठेवत सावकाश पुन्हा वाचली.

"बराबर हाय," ते म्हणाले. "कारागिरानं काढायचंच असतंय. असू दे एवढंच."